विश्लेषण : दातांच्या दवाखान्यात हवेची धास्ती, पाण्याकडे दुर्लक्ष?

करोनाच्या महासाथीत जगभरातील दातांचे दवाखाने बंद झाले, कारण तेथील हवेतून संसर्ग होईल अशी भीती होती. दवाखाने पुन्हा उघडले तेव्हा डॉक्टरांच्या अंगावर पीपीई किट, चेहऱ्यावर शील्ड आणि कोपऱ्यात हवा शुद्ध करणारे यंत्र आले. मात्र महासाथ ओसरत असतानाच, २०२२-२३च्या सुमारास, तमिळनाडूतील एका दातांच्या दवाखान्यात उपचार घेतलेल्या दहा जणांना मेंदूचा जंतुसंसर्ग झाला आणि त्यांतील आठ जण दगावले. संशोधकांच्या मते त्याचे मूळ हवेत नव्हते, तर सलाईनच्या उघड्या बाटलीत होते. २०२५ मध्ये करोनाचे रुग्ण पुन्हा वाढल्याच्या बातम्या येत असताना हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानिमित्ताने दातांच्या दवाखान्यातील रुग्णसुरक्षेचा हा आढावा.

तमिळनाडूत नेमके काय घडले?

तिरुपत्तूर जिल्ह्यातील वाणियंबाडी आणि आसपासच्या भागातील काही रुग्ण ताप, तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणे, बोबडे बोलणे अशा तक्रारी घेऊन रुग्णालयात येऊ लागले. तपासणीत त्यांना ‘न्यूरोमेलिऑइडोसिस’ म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेपर्यंत पोहोचलेला मेलिऑइडोसिस झाल्याचे निष्पन्न झाले. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था आणि तमिळनाडूचा आरोग्य विभाग यांच्या संशोधकांनी या रुग्णांचा मागोवा घेतला. एकूण २१ रुग्णांपैकी दहा जणांनी आजारी पडण्यापूर्वी एकाच दवाखान्यात दातांवर उपचार घेतले होते. या दहांपैकी आठ जणांचा मृत्यू झाला. त्या दवाखान्याशी संबंध नसलेल्या ११ रुग्णांपैकी मात्र एकच दगावला.

दवाखान्यातील नमुने तपासले असता सलाईनच्या वापरात असलेल्या बाटलीत या आजाराचे जिवाणू सापडले. हिरडी हाडापासून बाजूला सारण्यासाठी जे धातूचे अवजार वापरतात, त्यानेच बाटलीचे तोंड उघडले जात होते. ते अवजार निर्जंतुक केलेले नसे. एकदा उघडलेली बाटली कापसाचा बोळा लावून ठेवली जाई आणि त्यातील द्रव पुढच्या रुग्णांच्या तोंडातील जखम धुण्यासाठी वापरला जाई. एक बाटली एका रुग्णासाठी वापरून उरलेले सलाईन फेकून दिले असते, तर ही साखळी तेथेच तुटली असती. ‘द लॅन्सेट रीजनल हेल्थ - साउथईस्ट एशिया’ या नियतकालिकात हा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला.

मेलिऑइडोसिस म्हणजे काय?

‘बर्खोल्डेरिया स्यूडोमलाय’ हा या आजाराचा जिवाणू उष्ण प्रदेशातील माती आणि साचलेल्या पाण्यात राहतो. पावसाळ्यात त्याचे रुग्ण वाढतात. शेतात किंवा चिखलात काम करताना पायाच्या जखमेतून, श्वासातून किंवा दूषित पाण्यातून तो शरीरात शिरतो. मधुमेह असलेल्यांना त्याचा धोका अधिक असतो. फुप्फुसदाह, यकृत किंवा प्लीहेत पू होणे, सांध्यांचा संसर्ग अशा अनेक रूपांत तो दिसतो. त्यामुळे अनेकदा क्षयरोग समजून त्यावर उपचार केले जातात. नेहमीची अनेक प्रतिजैविके त्याच्यावर चालत नाहीत. काही आठवडे शिरेतून आणि नंतर काही महिने तोंडावाटे औषधे द्यावी लागतात.

मज्जासंस्थेला त्याची लागण होणे तसे दुर्मीळ. मात्र तोंडात ताजी जखम असेल आणि त्यावर दूषित द्रवाचा फवारा मारला गेला, तर जिवाणूला चेहऱ्याच्या नसा आणि मेंदू जवळ पडतात. दवाखान्याशी संबंधित रुग्णांमध्ये आजार झपाट्याने बळावण्यामागे हेच कारण असावे, असे मानले जाते.

महासाथीत दातांचे दवाखाने सर्वाधिक धोक्याचे का ठरले?

दातांवरचे उपचार रुग्णाने मास्क लावून घेता येत नाहीत. डॉक्टरांचा चेहरा रुग्णाच्या तोंडापासून जेमतेम हात-दीड हात अंतरावर असतो. दात कोरण्यासाठी वापरला जाणारा ‘एअरोटर’ मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेतो. त्याची उष्णता दाताला लागू नये म्हणून पाण्याचा फवारा सतत सुरू असतो. दातांवरील कीटण काढणारे अल्ट्रासोनिक यंत्र सेकंदाला हजारो कंपने करते. या दोन्हींमुळे पाणी, लाळ आणि रक्ताचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. मोठे थेंब लगेच खाली बसतात, पण बारीक कण बराच काळ तरंगत राहतात.

त्यामुळेच मार्च २०२० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अमेरिकेतील व्यवसायांच्या जोखमीचा आलेख प्रसिद्ध केला, तेव्हा दंतचिकित्सक आणि त्यांचे सहायक सर्वाधिक जोखमीच्या गटात दिसले. १६ मार्च २०२० रोजी अमेरिकन डेंटल असोसिएशनने तातडीचे नसलेले सर्व उपचार पुढे ढकलण्याचा सल्ला दिला. इंग्लंडमध्ये २५ मार्चपासून नियमित दंतसेवा थांबली, ती ८ जूनला पुन्हा सुरू झाली. भारतात टाळेबंदीबरोबरच बहुतेक खासगी दवाखान्यांची दारे बंद झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९ मे २०२० रोजी दंतचिकित्सकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रतिबंधित क्षेत्रातील दवाखाने बंद, केवळ फोनवरून सल्ला. लाल क्षेत्रात फक्त आपत्कालीन उपचार. नारिंगी आणि हिरव्या क्षेत्रांत सल्ला आणि तातडीचे उपचार, अशी त्यांची रचना होती. नियमित उपचार सगळीकडेच लांबणीवर टाकण्यात आले.

दवाखाने बंद राहिल्याचा परिणाम काय झाला?

दाताचे दुखणे टाळेबंदीसाठी थांबत नाही. किडलेल्या दाताला रूट कॅनालची गरज असताना रुग्णांनी वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढले. ओळखीच्या औषध दुकानातून प्रतिजैविके घेणारेही कमी नव्हते. इंग्लंडमध्ये एप्रिल ते जुलै २०२० या काळात दंतचिकित्सकांनी लिहून दिलेली प्रतिजैविके आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने वाढल्याचे नोंदींतून दिसून आले. वास्तविक दाताच्या मुळाशी झालेला पू नुसत्या गोळ्यांनी बरा होत नाही. तो बाहेर काढावा लागतो किंवा दात तरी काढावा लागतो. प्रतिजैविकांचा असा वापर औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढवतो, हा आणखी एक तोटा.

ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ज्या भागांत करोनाचा समूह संसर्ग सुरू आहे, तेथे तातडीची नसलेली दंततपासणी आणि उपचार लांबणीवर टाकावेत, असे सुचवले. त्यावर अमेरिकन डेंटल असोसिएशनने उघड असहमती नोंदवली. तोंडाचे आरोग्य हा एकूण आरोग्याचाच भाग आहे आणि पुरेशी काळजी घेऊन उपचार सुरक्षितपणे देता येतात, असे संघटनेचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंकडे तर्क होते. ठोस आकडेवारी मात्र त्या वेळी फारशी नव्हती.

ही भीती कितपत खरी ठरली?

जून २०२० मध्ये अमेरिकेतील सुमारे २,२०० दंतचिकित्सकांची पाहणी झाली. त्यांतील ०.९ टक्के जणांना करोना झाला होता किंवा झाला असण्याची दाट शक्यता होती. आलेखावर सर्वांत वर असलेल्या व्यवसायासाठी हा आकडा बराच कमी होता. जवळपास सर्वांनीच संसर्ग रोखण्यासाठी वाढीव उपाय योजल्याचे सांगितले होते. अर्थात या पाहणीला मर्यादा होत्या. ती डेल्टा आणि ओमायक्रॉन येण्यापूर्वीची होती. दवाखान्यात येऊन किती रुग्णांना लागण झाली, हेही तिच्यातून कळत नव्हते.

ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधन त्याहून बोलके होते. तेथे २८ रुग्णांवर उपचार सुरू असताना डॉक्टर आणि सहायकांचे फेस शील्ड, रुग्णाची छाती आणि खोलीतील दूरच्या जागा अशा ठिकाणी पडणाऱ्या तुषारांचे नमुने घेण्यात आले. त्यांतील सूक्ष्मजीव कुठून आले याचा जनुकीय शोध घेतला, तेव्हा बहुतांश सूक्ष्मजीव रुग्णाच्या लाळेतले नव्हे, तर यंत्रातून येणाऱ्या पाण्यातले निघाले. लाळेचा वाटा अगदी किरकोळ होता. काही लक्षणविरहित रुग्णांच्या लाळेत करोनाचा विषाणू अल्प प्रमाणात सापडला, पण तुषारांत तो आढळला नाही. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

फवाऱ्याचे पाणी लाळ पातळ करते आणि सक्शनची नळी ती लगेच ओढून घेते, हे त्यामागचे एक कारण. अभ्यास छोटा होता. ‘धोका नाही’ असा त्याचा अर्थ काढता येत नाही. खोकणारा, ताप असलेला रुग्ण खुर्चीत किंवा प्रतीक्षाकक्षात असेल तर हवेतून संसर्गाचा धोका असतोच. मात्र दवाखान्याच्या हवेत जे उडते ते मुख्यतः यंत्राच्या पाण्यातून येत असेल, तर त्या पाण्याची स्वच्छता कोण तपासतो, हा प्रश्न त्या अभ्यासाने समोर आणला. महासाथीच्या गदारोळात त्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

महासाथीतून काही चांगले हाती लागले का?

हो. त्यात पहिला क्रमांक खेळत्या हवेचा. खोलीतील हवा तासाला सहा वेळा पूर्ण बदलत असेल, तर हवेतील ९९ टक्के कण निघून जायला सुमारे ४६ मिनिटे लागतात. ती १२ वेळा बदलत असेल, तर २३ मिनिटे पुरतात. दोन रुग्णांमध्ये किती वेळ मोकळा ठेवायचा, हे त्यावरून ठरते. भारतातील बहुतेक दवाखान्यांत स्प्लिट एसी असतो. तो बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच हवा थंड करून फिरवत राहतो. म्हणून मंत्रालयाच्या सूचनांत खिडक्या उघड्या ठेवाव्यात, छताचा पंखा बंद ठेवून डॉक्टरांच्या मागे टेबल फॅन ठेवावा आणि हवा बाहेर फेकणारा जोरदार एक्झॉस्ट फॅन बसवावा, असे सुचवले होते. हे उपाय स्वस्त आणि शास्त्रीय होते.

मोठ्या क्षमतेचे सक्शन, ज्या दातावर काम आहे तेवढाच उघडा ठेवणारा रबर डॅम, उपचारापूर्वी जंतुनाशक द्रवाची चूळ, फोनवरून आजारपणाची आधीच चौकशी आणि वेळ ठरवून येण्याची सवय या गोष्टीही महासाथीमुळे रुळल्या. त्याच वेळी बुटांवर, भिंतींवर आणि माणसांवर जंतुनाशकाची फवारणी, बोगद्यातून प्रवेश असे दिखाऊ उपायही झाले. त्यांचा उपयोग नव्हताच, उलट डोळे आणि श्वसनमार्गाला त्रास होण्याची शक्यता होती. आज अनेक दवाखान्यांत पीपीई किट गेले आहे, एक्झॉस्ट फॅन बंद आहे आणि एसीसाठी खिडक्याही पुन्हा मिटल्या आहेत.

पाण्यापासून धोका कसा निर्माण होतो?

दातांच्या खुर्चीला जोडलेल्या नळ्या अतिशय अरुंद असतात. रात्रभर आणि सुट्टीच्या दिवशी त्यांत पाणी साचून राहते. नळीच्या आतल्या बाजूला जिवाणूंचा चिकट थर बसतो. त्याला ‘बायोफिल्म’ म्हणतात. टाकीतले पाणी स्वच्छ असले तरी या थरातून जिवाणू पाण्यात मिसळत राहतात आणि फवाऱ्याबरोबर तोंडात आणि हवेत जातात.

याची उदाहरणे महासाथीपूर्वीचीच आहेत. इटलीत २०११ मध्ये ८२ वर्षांच्या एका महिलेचा ‘लीजनेअर्स’ या न्यूमोनियाने मृत्यू झाला. त्याचे जिवाणू तिच्या दंतचिकित्सकाच्या यंत्राच्या पाण्यात सापडले. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात २०१५ मध्ये आणि कॅलिफोर्नियात २०१६ मध्ये दुधाच्या दातांवर रूट कॅनालसारखे उपचार घेतलेल्या लहान मुलांना क्षयरोगाच्या जिवाणूच्या जातकुळीतील ‘मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस’ या जिवाणूचा संसर्ग झाला. कॅलिफोर्नियातील बाधित मुलांची संख्या ७०च्या आसपास होती. अनेकांवर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, काहींचे कायमचे दात आणि जबड्याच्या हाडाचा भाग गेला. दोन्ही ठिकाणी दोष पाण्याच्या नळ्यांचा होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राला (सीडीसी) याविषयी देशभर इशारा द्यावा लागला.

उपाय गुंतागुंतीचे नाहीत. या पाण्यात एका मिलीलिटरमागे जिवाणूंच्या वसाहती ५००हून अधिक असू नयेत, असा सीडीसीचा दंडक आहे. नळ्यांमध्ये ठरावीक काळाने जंतुनाशक सोडणे, पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करणे, प्रत्येक रुग्णानंतर २० ते ३० सेकंद पाणी वाहू देणे, एवढे तर करायचेच. दाढ काढणे, इम्प्लांट बसवणे, हिरडीची शस्त्रक्रिया अशा ठिकाणी मात्र खुर्चीचे पाणी वापरायचेच नाही. तेथे निर्जंतुक सलाईन लागते आणि तेही प्रत्येक रुग्णासाठी नवे.

उपकरणे निर्जंतुक झाली हे कसे ठरते?

रक्ताशी किंवा हाडाशी संबंध येणारे प्रत्येक अवजार आणि दात कोरणारा हँडपीस प्रत्येक रुग्णानंतर ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायचा, हा जगभर मान्य असलेला नियम आहे. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालील वाफ १२१ अंश सेल्सिअस किंवा १३४ अंशांपर्यंत तापते. पाण्यात उकळल्याने तापमान १०० अंशांवर जात नाही आणि जिवाणूंचे टणक बीजाणू जिवंत राहतात. अवजार द्रावणात बुडवून ठेवणे किंवा स्पिरिटने पुसणे हा ऑटोक्लेव्हला पर्याय नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात किमान सात दिवस तग धरू शकतो. त्यामुळे डोळ्यांना स्वच्छ, चकचकीत दिसणारे अवजारही सुरक्षित असेलच असे नाही.

ऑटोक्लेव्ह असणे आणि तो नीट चालणे यांतही फरक आहे. अवजारांच्या पाकिटावरील पट्टीचा रंग बदलला, तर ते पाकीट उष्णतेतून गेले आहे एवढेच कळते. जंतू खरोखर मेले का, हे पाहण्यासाठी उष्णतेला सहज दाद न देणाऱ्या जिवाणूचे बीजाणू यंत्रात ठेवून नंतर ते वाढतात का, हे तपासावे लागते. ही चाचणी दर आठवड्याला करावी, अशी शिफारस आहे. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील तुल्सा येथे २०१३ मध्ये एका दवाखान्यातील गलथानपणा उघड झाला, तेव्हा सुमारे सात हजार रुग्णांना रक्ततपासणी करून घेण्यास सांगावे लागले. दातांच्या दवाखान्यात एका रुग्णाकडून दुसऱ्याला हिपॅटायटिस सी झाल्याचे अमेरिकेतील पहिले नोंदलेले प्रकरण त्यातूनच समोर आले.

प्रत्येक साथीने एकच धडा दिला का?

दंतचिकित्सेचा इतिहास पाहिला तर तसे दिसते. १९८०च्या दशकापर्यंत अनेक डॉक्टर उघड्या हातांनी काम करत. एचआयव्हीची भीती पसरली आणि १९९० मध्ये फ्लोरिडातील एका दंतचिकित्सकाकडून रुग्णांना लागण झाल्याचे समोर आले. त्याच्या सहा रुग्णांना एचआयव्ही झाला होता. त्यानंतर हातमोजे, मास्क आणि रक्तातून पसरणाऱ्या रोगांविषयीचे नियम सर्वत्र रुळले. एचआयव्हीने रक्ताकडे लक्ष वेधले, करोनाने हवेकडे. पाणी आणि सलाईनसाठी मात्र जग ठप्प करणारी साथ कधी आली नाही. लागण तुरळक होते, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दिसते आणि तोवर रुग्ण दुसऱ्याच डॉक्टरांकडे पोहोचलेला असतो. हिपॅटायटिस बीची लक्षणे दिसायला दीड ते सहा महिने लागू शकतात. सहा महिन्यांपूर्वी काढलेल्या दाढेशी काविळीचा संबंध कोण जोडणार? वाणियंबाडीचा प्रकार उघड झाला तो अनेक रुग्णांचा तपशील एकत्र जुळवला गेला म्हणून. एखाद-दुसरा रुग्ण वेगवेगळ्या रुग्णालयांत गेला असता, तर मेंदूज्वराने मृत्यू एवढीच नोंद राहिली असती.

देखरेख कोणाची?

येथे मोठी पोकळी आहे. दंतचिकित्सकांची नोंदणी १९४८च्या दंतचिकित्सक कायद्यानुसार होत आली. महाराष्ट्रात ते काम राज्य दंत परिषद करते. मात्र नोंदणी व्यक्तीची होते, दवाखान्याच्या निर्जंतुकीकरणाची नियमित तपासणी त्यातून होत नाही. केंद्राचा २०१०चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राज्यात १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे, पण त्याचा भर रुग्ण दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांवर आहे. खाटा नसलेला दोन खुर्च्यांचा दवाखाना व्यवहारात त्याच्या कक्षेबाहेर राहतो. २०१६चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम मात्र छोट्या दवाखान्यांनाही लागू आहेत. म्हणजे वापरलेला कापूस कोणत्या रंगाच्या पिशवीत गेला हे सरकार विचारते, पण दाढ काढण्याचा चिमटा निर्जंतुक होता का, हे नियमितपणे कोणी विचारत नाही. इंग्लंडमध्ये दातांच्या दवाखान्यांना काळजी-गुणवत्ता आयोगाकडे नोंदणी करावी लागते आणि आयोगाचे निरीक्षक प्रत्यक्ष तपासणी करतात. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला. त्यातील बराचसा भर दंतशिक्षण आणि नोंदणी यांवर आहे. दवाखान्यांच्या सुरक्षिततेचे किमान निकष आणि त्यांची तपासणी यांचा त्यात किती विचार होतो, यावर रुग्णांचे हित अवलंबून राहील.

खर्च कोणी करायचा?

ऑटोक्लेव्हचे एक आवर्तन धुणे, पाकीटबंद करणे आणि सुकवणे धरून पाऊण ते एक तास घेते. दवाखान्यात दोनच हँडपीस असतील आणि संध्याकाळी दहा रुग्ण असतील, तर प्रत्येकासाठी निर्जंतुक हँडपीस देणे गणितातच बसत नाही. त्यासाठी अधिक संच लागतात. सलाईनची अर्धी बाटली फेकून देणे, पाकिटे, बीजाणू चाचणी, पाणी तपासणी हे सारे खर्च रुग्णाला दिसत नाहीत, म्हणून त्यांचे वेगळे पैसे मागणेही डॉक्टरांना अवघड जाते. महासाथीत पीपीई किटचे पैसे बिलात वेगळे लावले गेले आणि रुग्णांनी ते दिले, कारण किट डोळ्यांसमोर होते.

भारतात तीन लाखांहून अधिक नोंदणीकृत दंतचिकित्सक आहेत. शहरांत त्यांच्यात तीव्र स्पर्धा आहे आणि दातांवरचा बहुतेक खर्च रुग्ण स्वतःच्या खिशातून करतो. नेहमीच्या आरोग्य विम्यात तो सहसा बसत नाही. त्यामुळे ‘रूट कॅनाल कमीत कमी कितीत होईल’ या प्रश्नावर दवाखाना निवडला जातो. काटकसर कुठे करायची, तर जिथे कोणाचे लक्ष नाही तिथे, असा मोह मग होतो. शिवाय अवजारे धुण्याचे काम अनेक ठिकाणी कामावरच शिकलेल्या सहायकाकडे असते. त्याला प्रशिक्षण, जाड हातमोजे आणि हिपॅटायटिस बीची लस देणे ही डॉक्टरांची जबाबदारी आहे. निष्ठेने हे सारे करणारे डॉक्टरही पुष्कळ आहेत. पण त्यांचा दवाखाना आणि दुसरा यांतील फरक ओळखण्याचे साधन रुग्णाकडे नाही.

रुग्णाने काय पाहावे, काय विचारावे?

अवजारांचे पाकीट आपल्यासमोर उघडले जाते का आणि त्यावरील पट्टीचा रंग बदलला आहे का, हे पाहता येते. हँडपीस प्रत्येक रुग्णानंतर ऑटोक्लेव्ह होतो का, ऑटोक्लेव्हची चाचणी शेवटची कधी झाली, हे विचारता येते. दाढ काढताना किंवा इम्प्लांटच्या वेळी सलाईनची बाटली नवी उघडावी, असे सांगण्यात गैर काही नाही. डॉक्टर हातमोजे घालून फोन किंवा ड्रॉवर हाताळत असतील आणि त्याच हातांनी पुन्हा तोंडात काम करत असतील, तर हातमोजे बदलायला सांगावे. नियम पाळणाऱ्या डॉक्टरांना अशा प्रश्नांचा राग येत नाही.

रुग्णाचीही जबाबदारी आहे. मधुमेह, काविळीचा पूर्वेतिहास, सुरू असलेली औषधे लपवू नयेत. ताप-खोकला असेल तर तातडीचे नसलेले काम पुढे ढकलावे. उपचारानंतर थोडी सूज किंवा ठणका नेहमीचाच असतो. पण काही दिवसांनी ताप, असह्य डोकेदुखी, मानेला किंवा चेहऱ्याला वाढती सूज, दोन-दोन दिसणे, चेहरा वाकडा होणे असे काही झाले, तर लगेच रुग्णालय गाठावे. तेथील डॉक्टरांना दातांवर कधी आणि कोणते उपचार झाले होते, हे आवर्जून सांगावे. निदानाची दिशा त्या एका माहितीने बदलू शकते.

दाताचे दुखणे अंगावर काढणे हा मात्र यावरचा उपाय नाही. किडका दात तसाच ठेवून होणारा जबड्याचा आणि गळ्याचा संसर्गही जिवावर बेतू शकतो. वाणियंबाडीतील रुग्णही दाताच्या साध्या उपचारासाठी गेले होते. त्यांना लागण झाली ती टाळणे महागड्या यंत्राचे काम नव्हते. स्वच्छ अवजार, प्रत्येकासाठी नवी बाटली आणि हे दोन्ही होते आहे ना, हे पाहणारी यंत्रणा, एवढ्याने ते टळले असते. यातील पहिल्या दोन गोष्टी डॉक्टरांच्या हातात आहेत. तिसरी सरकारने उभी करायची आहे.